दाढ काढायच्या आधी घरातल्या रक्ताचं विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या मोफत दंत शिबिराची बातमी फोटोसकट आली होती, शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात, लोक रांगेत बसलेत, किती जणांचे किडलेले दात काढले तो आकडा पण दिला होता. शिबिरं चांगलीच आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, आमच्याकडे दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे एसटीचा अख्खा दिवस जातो तिथे गावात कोणी येऊन फुकट दात बघतं ही मोठीच गोष्ट आहे. पण ती बातमी दोनदा वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण दात काढायच्या आधी त्या लोकांना रक्ताबद्दल, म्हणजे त्यांचं किंवा घरातल्या कोणाचं रक्त लवकर थांबत नाही असं होतं का, हे कोणी विचारलं का हे त्यात कुठेच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलालाही कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारलं नाही म्हणून मी पण सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कृपा करून कापू नका.

आम्ही देवगड तालुक्यातले, आंब्याची थोडी कलमं आहेत, मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, वडिलांबरोबर बागेतच असतो. त्याची खालची डावी अक्कलदाढ आडवी आलेली, गाल सुजायचा, तोंड उघडायचं नाही. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, माणूस वाईट नाही, पुढे त्यांनी धावपळही केली. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट आला बीटी, म्हणजे टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ, 2 मिनिटं 15 सेकंद, सीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, 4 मिनिटं 30 सेकंद, सगळं नॉर्मल. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्या कागदावर विश्वास ठेवून सकाळी अकरा वाजता दाढ काढली, टाके घातले, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला, अर्ध्या तासात रक्त थांबलं, आम्ही दुपारच्या गाडीने घरी आलो. जुलै महिना, पाऊस कोसळत होता. रात्री त्याने थंड मऊ भात खाल्ला आणि झोपला.

रात्री एकच्या सुमारास त्याने हाक मारली, "आये, रगात थांबणा नाय गो." लाईट गेलेली. बॅटरी मारून बघितलं तर उशीचा अभ्रा ओला, आणि दाढेच्या जागी काळपट लाल, जेलीसारखी थलथलीत गाठ, शेजारच्या दातावर चढून बसलेली, आणि तिच्या खालून रक्त पाझरतच होतं. मला वाटलं ही घाण आहे, काढून टाकली की रक्त थांबेल, म्हणून त्याला तुरटीच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या, गाठ पडली की दहा मिनिटांत दुसरी तयार, परत गुळण्या, पहाटेपर्यंत हेच. सासूबाई म्हणाल्या, "दाढ काढली तर रगात येतलाच, घाबरा नको", आणि हळद भरली. पहाटे त्याला उलटी झाली, काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी, रात्रभर गिळलेलं रक्तच होतं ते.

सकाळी डॉक्टरांनी परत टाके घातले. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत दिलं, संध्याकाळपर्यंत ती बाजू नारळाएवढी सुजली आणि निळीजांभळी झाली, ती सूज उतरायला तीन आठवडे लागले. तोंडातलं रक्त चालूच. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. तिथे एक वयस्कर फिजिशियन होते, त्यांनी मुलाकडे बघायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमच्या माहेरी कोणाचं असं रक्त जायचं का?"

आणि मला मामा आठवले.

माझ्या आईचा भाऊ, मी सात-आठ वर्षांची असताना गेला. तेव्हा गावात चिमट्याने दाढ काढणारा एक माणूस होता, त्याच्याकडून काढून घेतली आणि आठ दिवस रक्त जात जात गेला. त्याच्याही आधी त्याला एकदा कोयता लागला होता तर ती जखम पंधरा दिवस परत परत उघडायची म्हणे. घरात सगळ्यांनी मानलं की कोणीतरी करणी केली, देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावले, आणि नंतर तो विषयच बंद झाला. लग्न ठरताना तर आईने मला बजावलंच होतं की मामाचं काही बोलायचं नाही. ते मी तीस वर्षं पाळलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा बोलले.

त्यांनी एपीटीटी नावाची तपासणी करायला सांगितली, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते त्यात बघतात, नॉर्मल तीस सेकंदांच्या आसपास असते, माझ्या मुलाची 58 सेकंद आली. प्लाझ्मा दिला, रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या, रक्त थांबलं, आणि मग मुंबईला परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे तिथे पाठवलं. तिथे कळलं, हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, सौम्य प्रकार, रक्त गोठवणारा फॅक्टर आठ नावाचा घटक फक्त 9 टक्के. माझंही रक्त तपासलं, माझा फॅक्टर आठ 38 टक्के निघाला, म्हणजे तोही कमीच.

आता मी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली बाई, पण या तीन वर्षांत जे जे डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं ते साध्या भाषेत लिहिते, चुकलं तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावं.

रक्त थांबतं ते दोन टप्प्यांत. आधी प्लेटलेट नावाचे बारीक कण जखमेवर जाऊन चिकटतात, ते झालं तात्पुरतं बूच. मग रक्तातले फॅक्टर एकामागोमाग एक जागे होऊन त्या बुचावर धाग्यांचं घट्ट जाळं विणतात, मच्छीमार फाटलेलं जाळं शिवतात तसं. हिमोफिलियात पहिला टप्पा नीट असतो, दुसरा कच्चा. म्हणून दाढ काढल्यावर दवाखान्यात रक्त थांबलेलं दिसतं, डॉक्टर म्हणतात जा घरी, आणि काही तासांनी ते बूच सुटतं. वर तोंडातल्या लाळेतच गाठ विरघळवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे हाताला कापलेलं एक वेळ थांबेल पण दाढेचं थांबत नाही. माझ्या मुलाचं बरोबर तसंच झालं. आणि ती थलथलीत गाठ म्हणजे अर्धवट गोठलेलं रक्तच, ती गुळण्यांनी परत परत पाडत राहणं चूक, डॉक्टर ती स्वच्छ करून खालची जखम बघून नीट दाबून बांधतात. मी रात्रभर नेमकं उलटं करत होते, हे मला अजून खातं.

आता तो बीटी-सीटीचा कागद. हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय कारण आमच्याकडे सगळीकडे दात काढायच्या आधी हीच तपासणी करतात आणि नॉर्मल आली की सगळे निर्धास्त होतात. बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाला टोचून रक्त किती वेळात थांबतं ते, ते बघतं पहिला टप्पा, आणि हिमोफिलियात पहिला टप्पा चांगलाच असतो, मग बीटी नॉर्मल येणारच. सीटी काचेच्या नळीत बघतात, ती इतकी ढोबळ तपासणी आहे की फॅक्टर अगदीच नसेल तरच बिघडते, 9 टक्के असलेल्या माणसाची खुशाल नॉर्मल येते. एपीटीटी त्यापेक्षा बरी, पण सौम्य आजारात तीही कधी कधी नॉर्मल दाखवते. फॅक्टर तेरा नावाचा एक फार दुर्मिळ दोष आहे, त्यात तर या सगळ्याच तपासण्या नॉर्मल येतात, आणि रक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, अशा बऱ्याच मुलांचं जन्मल्यावर नाळ पडतानाच बरंच रक्त गेलेलं असतं. म्हणजे कागदाआधी माणसाला विचारायला पाहिजे. माझ्या त्या कागदापेक्षा मामाची गोष्ट जास्त खरी होती.

विचारायचं काय? फार काही नाही. आधी कधी दात काढला, टाके पडले, ऑपरेशन झालं तेव्हा रक्त किती वेळ गेलं, दुसऱ्या दिवशी परत सुरू झालं का. दुधाचे दात पडताना मूल दोन दोन दिवस रक्त थुंकत होतं का. कान टोचले तेव्हा, मुसलमान घरात मुलाची सुंता झाली तेव्हा काय झालं. नाकातून रक्त आलं तर दहा मिनिटं दाबूनही थांबत नाही असं होतं का. काही लागलेलं आठवत नाही आणि अंगावर मोठे निळे डाग पडतात का. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्यावर दंडात गाठ आली होती का. माझ्या मुलाला सातवीत असताना कबड्डीत गुडघा आपटला तर दीड महिना सुजलेला होता, हाडवैद्याकडून लेप लावला, कोणाच्या डोक्यातच आलं नाही की आत रक्त साचलंय. हे एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात.

आणि बायकांना पाळीचं विचारा. पुरुष डॉक्टर विचारत नाहीत, बाई लाजते, आणि तिथेच राहतं. माझी पाळी आयुष्यभर नऊ नऊ दिवस, पहिले तीन दिवस तासाला कपडा बदलायला लागायचा, मोठ्या मोठ्या गाठी पडायच्या, मला वाटायचं बायकांचं असंच असतं, आईचं तसंच होतं. बाळंतपण नीट झालं पण बाराव्या दिवशी परत इतकं रक्त जायला लागलं की उठता येईना. आता कळलं की गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत परत खाली येतो, म्हणून तेव्हा गेलं. हिमोफिलिया पुरुषांचा आजार आणि बाई नुसती वाहक, म्हणजे दोष पुढे मुलांकडे नेणारी, असं पूर्वी सांगायचे. पण वाहक बाईचा फॅक्टरही कमी असू शकतो, तिची दाढ काढतानाही तीच काळजी घ्यायला लागते.

शिवाय बायका पुरुष दोघांनाही सारखाच होणारा एक आजार आहे, वॉन विलेब्रँडचा आजार, जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड नावाच्या डॉक्टरांनी 1926 साली तो पहिल्यांदा लिहून काढला, तिथल्या समुद्रातल्या ऑलंड बेटांवरचं एक कुटुंब होतं, त्यातली एक पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आणली होती, आणि ती पोर पुढे तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. मला हे एका डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले. बेटावरची, आपल्यासारखी समुद्राकाठची माणसं, घरात एकामागून एक मुलांचं रक्त जातंय आणि कारण कळत नाही. या आजारात हिरड्या, नाक, पाळी अशा ठिकाणी रक्त जास्त जातं. आणि एक लक्षात ठेवण्यासारखं, ताणात, तापात, गरोदरपणात या आजारात कमी असणाऱ्या रक्तातल्या घटकाची पातळी वाढते म्हणून एकदा तपासणी नॉर्मल आली तरी शंका असेल तर परत करायला लागते.

घराण्याचं थोडं सांगते, कारण यावरून आमच्याकडे सुनांना फार बोल लागतो. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलग्याला ते आईकडून येतं. वाहक बाईला मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. आजारी पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलगे एकही नाही. पण तीव्र हिमोफिलिया असलेल्या साधारण तिघांतल्या एकाच्या घरात आधी कोणालाच काही नसतं, दोष नव्यानेच तयार होतो, म्हणजे घरात कोणाला नाही म्हणून सुटलो असंही नाही. आणि प्लेटलेटचे किंवा फॅक्टर तेराचे जे दुर्मिळ आजार आहेत ते बहुतेक आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतात, म्हणून नात्यातल्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त दिसतात, मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आपल्याकडे काही समाजांत अजून आहे. यात कोणी पाप केलेलं नाही आणि कोणी करणी केलेली नाही. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून घेतलं, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. सगळ्याच घरांत असं होत नाही, म्हणून बायका लपवतात, आणि लपवलं की पोराच्या तोंडात चिमटा जातो तेव्हा डॉक्टर अंधारात असतात.

आता दुसरी बाजू. आजार कळल्यावर वेगळाच ताप सुरू झाला. मुलाची उजवी अक्कलदाढ पण काढायची होती आणि हिमोफिलिया म्हटल्यावर तीन दवाखान्यांनी हातच लावला नाही, मुंबईलाच न्या म्हणाले. भीती मी समजू शकते. पण हात न लावणं हा उपाय नाही, दाढ किडत राहते, पू होतो, मग घाईघाईत काढायला लागते आणि तेव्हा धोका जास्त. तयारी करून काढली तर दाढ काढता येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, ते सविस्तर सांगते कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मागच्या वर्षी गोव्याला बांबोळीला नेऊन ती दाढ काढली. सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबईपेक्षा बांबोळी जवळ, तिथे मेडिकल कॉलेज आहे आणि तिथेच दातांचं कॉलेजही आहे, म्हणजे रक्ताचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात, आणि सगळी किल्ली यातच आहे. आधी महिनाभर त्याचे दात साफ करून घेतले, हिरड्यांची सूज उतरवली. इन्हिबिटर आहे का ते तपासलं, म्हणजे दिलेल्या फॅक्टरविरुद्ध शरीराने काही तयार केलंय का, कारण ते असेल तर नेहमीचं औषध लागू पडत नाही. सोमवार सकाळची वेळ दिली, मी विचारलं सोमवारच का, तर म्हणाले पुढे काही झालं तर आठवडाभर सगळे हजर असतात, शनिवारी संध्याकाळी काढली आणि रविवारी रक्त सुरू झालं तर कोणाला बोलवणार. हे इतकं साधं आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

फॅक्टरचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर केला. वजन 60 किलो. फॅक्टर आठचं एका किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण 2 टक्के वाढते. 9 वरून 50 च्या आसपास न्यायची म्हणजे 40 टक्के वाढवायची, किलोमागे 20 युनिट, म्हणजे 1200 युनिट. बाटल्या 500, 500 आणि 250 च्या अशा तीन मिळून 1250 दिलं, हाताच्या शिरेतून, हळूहळू. पावडर असते, पाणी घालून हलक्या हाताने फिरवतात, जोरात हलवत नाहीत. ते देऊन झाल्यावरच भुलेची सुई दिली. इथे दंतवैद्यांना हात जोडून सांगते, खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे खोल सुई देतात ती या मुलांना फॅक्टर दिल्याशिवाय देऊ नका, आत रक्तवाहिनीला लागलं तर रक्त मानेकडे उतरून श्वासाची वाट दाबली जाऊ शकते. माझ्या मुलाला पहिल्या वेळी ती सुई तशीच दिली होती, काही झालं नाही ही देवाची कृपा.

दाढ कमीत कमी इजा करून काढली, खड्ड्यात जिलेटीनचा स्पंज भरला, टाके घातले, अर्धा तास गॉज दाबून ठेवलं आणि दोन तास बसवून ठेवलं. मग ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. हे औषध पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा बायकांना गोळ्यांतून देतात तेच, जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे यजमान शोसुके ओकामोतो या दोघांनी 1962 साली जगापुढे आणलेलं. ते रक्त गोठवत नाही, तयार झालेली गाठ विरघळू देत नाही, म्हणून तोंडात फार उपयोगी. आम्हाला 5 टक्क्याचं पाणी करून दिलं, 10 मिली तोंडात घ्यायचं, दोन मिनिटं हलकेच फिरवायचं, दिवसातून चार वेळा, सात दिवस, त्यानंतर तासभर काही खायचं प्यायचं नाही. मी भिंतीवर कॅलेंडरवर फुल्या मारत होते. मुलगा सुरुवातीला खळखळून गुळणी करायला गेला तर मी ओरडलेच.

घरी सात दिवस गार पेज, गार वरण, ताक. गरम काही नाही. मासे बंद, तारलीचा काटा हिरडीत घुसला तर संपलंच. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नाही, आयब्रुफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही, या गोळ्या प्लेटलेटचं काम बिघडवतात. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन तर अजिबात नाही. रक्त आलं असतं तर परत फॅक्टर द्यायची तयारी ठेवली होती, लागली नाही. त्या सात दिवसांत उशीवर एक थेंब आला नाही, मी रोज सकाळी उठून आधी अभ्रा बघायचे.

सगळ्यांना फॅक्टरच लागतो असं पण नाही. सौम्य हिमोफिलिया ए मध्ये आणि वॉन विलेब्रँडच्या काही रुग्णांना डेस्मोप्रेसिन नावाचं औषध चालतं, ते शरीरात साठवलेला घटकच बाहेर काढतं, स्वस्तही पडतं, पण आधी एकदा देऊन किती वाढतंय ते बघायला लागतं आणि त्यानंतर दिवसभर पाणी मोजून प्यायचं असतं नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं. हे सगळं रक्ताच्या डॉक्टरांनी ठरवायचं, हे वाचून कोणी स्वतः मेडिकलमधून काही आणू नका.

आणि ज्यांना आजार आहे ते हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रशच बंद करतात, बोटाने मशेरी लावतात, हे आमच्या ओळखीच्या एका घरात मी बघितलं. रक्त येतं ते हिरडी सुजलेली असते म्हणून, ब्रश बंद केला की अजून सुजते, मग दात हलतो, मग काढायला लागतो. मऊ ब्रशने दोनदा घासायचं, सहा महिन्यांनी दात दाखवायचे. दात काढायची वेळच येऊ न देणं या मुलांसाठी सगळ्यात स्वस्त औषध आहे.

संपादकसाहेब, माझी मागणी छोटी आहे. गावात शिबिर भरवणाऱ्यांनी नाव लिहून घेताना त्याच कागदावर रक्ताचे हे प्रश्न छापावेत, मराठीत, बायकांच्या पाळीच्या प्रश्नासकट, आणि एकालाही हो उत्तर आलं तर त्या दिवशी दात न काढता पुढे पाठवावं. दात तपासा, साफ करा, औषध द्या, फक्त चिमटा त्या दिवशी बाजूला ठेवा. शिबिराचे डॉक्टर संध्याकाळी परत जातात आणि रक्त रात्री सुरू होतं. पावसाळ्यात खाडीपलीकडच्या वाडीतून रात्री एकला माणूस बाहेर काढणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि आपल्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फॅक्टर कायम ठेवावा. राज्यात काही सरकारी रुग्णालयांत तो मोफत मिळतो, हिमोफिलिया 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे, म्हणजे आम्ही उपकार मागत नाही. मुंबई-गोवा हायवेवरून रक्त थुंकत जाणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला हायवेचा एक एक खड्डा मोजता येतो. 17 एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन असतो, तेव्हा तुम्ही पुरवणीत अर्धं पान दिलंत तर आमच्यासारखी किती घरं उघडतील सांगता येत नाही.

हे लिहायचं धाडस झालं ते माझ्या बहिणीमुळे. ती मालवणला असते, तिचा मुलगा चौदा वर्षांचा, दातांना तार लावायची म्हणून पुढच्या महिन्यात त्याचे दोन दात काढायचेत. तिने इतकी वर्षं तपासणी करून घेतली नव्हती, मुलाच्या लग्नात अडेल म्हणून. परवा रात्री तिचा फोन आला, म्हणाली, "ताई, मी डॉक्टरांना मामाचं सांगितलं." त्यांनी तारीख पुढे ढकललीय आणि दोघांचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट यायचाय.

आपली,
देवगड तालुक्यातली एक आई